आईच्या सायकलची जप्ती

माझ्या सख्ख्या आईची सायकल जप्त झाली ती माझ्याच सहीच्या आदेशावरून.

हे ऐकून लोकांना वाटतं की मी पोलिसात असेन, नाहीतर कोर्टात. तसं काही नाही. मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात निविदा शाखेत होतो आणि माझं काम एकच, अटी व शर्ती लिहिणं. ठेकेदाराला पळायला फट राहणार नाही असं वाक्य बांधायचं. माझ्या वाक्यातून मुंगी जात नाही, असं साहेब म्हणायचे. (ठेकेदार जात. पण तो भाग वेगळा.)

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. भातकुलीची आमची शेती आम्ही बटाईनं दिली, गावातल्या घराला कुलूप घातलं आणि आईला अमरावतीला आणलं. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मभर पायावर उभी. इथं तिला करायला काही नव्हतं. ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. माझी बायको सुषमा, शाळेत शिक्षिका, तिनं एका संध्याकाळी मला हळूच सांगितलं की आई सकाळपासून तेच ताट घेऊन बसल्या आहेत आणि आता तांदळात निवडण्यासारखं तांदळाशिवाय काही उरलेलं नाही.

अख्ख्या अमरावतीत आईचं म्हणावं असं एकच माणूस होतं, नफिसाचाची. भातकुलीला आमची भिंतीला भिंत. चाचीच्या घरी पिंजणकाम चालायचं, सगळ्या गावाच्या गाद्या-रजया त्यांच्या हातच्या. पुढं गावात कुणाला नवी रजई भरवण्याची ऐपत उरली नाही, तेव्हा चाचीच्या मुलानंही अमरावतीत दुकान टाकलं. त्यांचं घर आमच्या कॉलनीमागच्या मैदानापलीकडं. गच्चीवरून त्यांच्या वाळत घातलेल्या गाद्या दिसायच्या. आई गच्चीवर जाऊन त्या गाद्या पाहायची. तिचे गुडघे तेवढं अंतर चालू देत नव्हते आणि एवढ्याशा अंतराला ऑटोवाले तोंड फिरवत.

अशात माझा मेहुणा प्रशांत अकोल्याहून एक बॅटरीची सायकल घेऊन आला. त्यानं अशा सायकलींची एजन्सी घेतली होती, तीही नेमकी लोडशेडिंगच्या काळात. गिऱ्हाईक दुकानात येई, सायकलीकडं पाही, मग डोक्यावरच्या बंद पंख्याकडं पाही आणि निघून जाई. म्हणून त्यातली एक त्यानं ताईच्या घरी आणून लावली. पॅडल होते, पुढं टोपली, मागं कॅरियर आणि सीटखाली बॅटरी. प्रशांतनं चहा पिता पिता मला कायदा सांगितला. अडीचशे वॉटच्या आतली मोटर आणि पंचवीसच्या आतला वेग असला की ती कायद्याच्या लेखी मोटारगाडी नाहीच. लायसन्स नाही, पासिंग नाही, नंबर नाही. साध्या सायकलीला जी मुभा ती हिला.

मला वाटलं होतं हे तो मला सांगतोय. स्वयंपाकघराच्या दारातून आईनं विचारलं,

"म्हंजे पोलीस धरत नाई?"

"नाही धरत, मावशी."

"ह्या गाडीले गाडी म्हंत नाई, असंच ना?"

"असंच."

आई हात पुसत बाहेर आली. लहानपणी भावाची सायकल चोरून चालवत होती म्हणे. छप्पन्न वर्षं मी तिचा मुलगा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं पदर खोचला, सीटवर बसली, आणि मी "आई, ब्रेक" एवढं म्हणेपर्यंत कोपऱ्यावरून वळली. आम्ही तिघं फाटकात पुतळ्यासारखे उभे. प्रशांतसुद्धा. (त्याचा माल चालतो यावर त्याचाच विश्वास नसावा.) बऱ्याच वेळानं ती परत आली तेव्हा टोपलीत कोथिंबिरीची जुडी होती. घासाघीस करून आणलेली, असं तिनं सांगितलं.

आता मैदानाकडं येतो. मैदानाला गोल चालायचा ट्रॅक होता आणि सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची आमची एक समिती होती. अध्यक्ष बोंडेसाहेब, रिटायर्ड तहसीलदार. सचिव मी. त्या दिवसांत कॉलेजची पोरं ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती लावत, म्हणून बोंडेसाहेबांनी मला एक कडक फलक लिहायला सांगितला. मी रजेचा अर्धा दिवस घालवून लिहिला: "ट्रॅकवर कोणत्याही प्रकारचे वाहन आणण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास वाहन जप्त करण्यात येईल. आदेशावरून, सचिव." खाली माझी सही रंगाऱ्याकडून हुबेहूब काढून घेतली. वाहने जप्त करण्याचा आम्हाला काय अधिकार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. पोरं पळाली. चौकीदार देविदासला हुरूप आला.

फलक लागल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी देविदासचा मला फोन आला. आवाजात विजय होता. एक गाडी धरली, साखळीनं बांधून ठेवली, एक म्हातारी आहे आणि लय कायदा बोलून राहिली. मी म्हणालो, शाब्बास, कुणाचंही ऐकू नको, आलोच. स्कूटर काढून निघालो. मनात वाक्यं जुळवत होतो, की बाई, नियम सर्वांना सारखा.

मैदानाच्या फाटकाशी लिंबाखालच्या बाकावर आई बसली होती. मांडीवर वांग्याच्या भरताचा डबा. सायकल लिंबाला साखळीनं बांधलेली.

देविदासनं मला सलाम केला आणि बाईंना सांगितलं, आता साहेबांशी बोला. आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा साहेब व्हय?" ती देविदासला म्हणाली. "ह्याले म्या न्हाऊ घातलं हाय."

देविदासचा चेहरा पांढरा पडला. त्यानं घाईघाईनं साखळी सोडायला घेतली, पण किल्ली त्याच्या घरी राहिली होती. ती येईपर्यंत आम्ही दोघं बाकावर शेजारी शेजारी बसलो. आईचं म्हणणं सरळ होतं. ही गाडी नाही, तुझ्या साळ्यानं सांगितलं. मैदानातून गेलं की नफिसाचं घर दोन मिनिटांवर. मग अडवलं कावून? मी म्हणालो, आई, फलकावर "वाहन" लिहिलंय, मोटारवाहन नाही. वाहनात सायकलही आली. आईनं विचारलं, हे कोणी लिहिलं? मी लिंबाकडं पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी मी ओळखीच्या एका आरटीओ एजंटाला विचारलं. प्रशांत बोलला ते अक्षरशः खरं निघालं. कायद्यानं आईची सायकल ही सायकलच. हा मुद्दा मी समितीपुढं मांडला, अर्थात आईचं नाव न घेता (देविदासलाही बजावून ठेवलं होतं), "एक ज्येष्ठ नागरिक" असं म्हणून. बोंडेसाहेब स्वतःच अडचणीत होते, कारण त्यांचा नातू रोज सकाळी तीनचाकी सायकल घेऊन त्यांच्यामागं यायचा आणि देविदासनं त्याही पोराची तीनचाकी लिंबाला बांधली होती. तेव्हा दुरुस्ती झाली: "सायकली वगळून."

मी घरी येऊन आईला पेढा दिला. तीन-चार दिवस ती मैदानातून चाचीकडं गेली. संध्याकाळी येऊन ती आम्हाला भातकुलीच्या गोष्टी सांगू लागली, कोण मेलं, कोणाची सून परत आली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं. तांदळाचं ताट फडताळात गेलं. सुषमानं तर सायकलीची बॅटरी चार्ज करायचं काम स्वतःकडं घेतलं. वीज आली की आधी सायकल, मग मिक्सर.

मग एका संध्याकाळी आई बोंडेसाहेबांच्या शेजारून गेली. त्या सायकलीला आवाज म्हणून नव्हता. साहेब आपल्या तंद्रीत चाललेले, आणि कानाशी अचानक, "बाजू व्हा जी." साहेब दचकून बाजूच्या मेंदीच्या कुंपणात गेले. त्यांना अलीकडंच पेसमेकर बसवलेला होता. ट्रॅकवर भेटेल त्याला ते त्याची माहिती देत, बॅटरी किती वर्षं चालते, डॉक्टर काय म्हणाले वगैरे. त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं की सायकल ती सायकल, पण विजेवर पळणारी सायकल म्हणजे गाडीच. अशी दुरुस्ती करा की पुन्हा कुणाला वाद घालता येणार नाही.

मी पडलो हाताखालचा माणूस. आणि खरं सांगायचं तर वाद घालता येणार नाही असं वाक्य म्हटलं की माझे हात शिवशिवतात. आई की मसुदा, असा प्रश्न त्या रात्री मला पडायला हवा होता. पडला नाही. मी लिहिलं: "बॅटरीच्या साहाय्याने चालणाऱ्या कोणासही अथवा कशासही ट्रॅकवर प्रवेश नाही." आधी फक्त "कशासही" होतं. फट राहू नये म्हणून "कोणासही" मी मुद्दाम घातलं.

फलक रंगवून झाला. संध्याकाळी आई फाटकाशी आली. देविदासनं तिला मोठ्या आदरानं थांबवलं आणि नवीन ओळ वाचून दाखवली. आईनं ती पुन्हा वाचायला लावली. मग तिनं विचारलं की ते बोंडेसाहेब रोज सांगत असतात, त्यांच्या छातीत काय बसवलं आहे?

देविदास प्रामाणिक माणूस. त्यानं फलक पुन्हा वाचला. मग तो ट्रॅकवर गेला आणि भर चालत्या लोकांत त्यानं बोंडेसाहेबांपुढं हात जोडून विनंती केली की साहेब, तुम्हाला बाहेर व्हावं लागते, तुमी बॅटरीवर चालता.

मी तेव्हा मागच्या वळणावर होतो. मला फक्त एवढं दिसलं की सगळा ट्रॅक थांबलाय. जवळ गेलो तेव्हा बोंडेसाहेब लाल झाले होते. देविदास बोटानं फलकाकडं दाखवत होता आणि "कोणासही" या शब्दावर त्याचं बोट टेकलेलं होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"सचिव, मी कोण की काय?"



त्यानंतर साहेब माझ्याशी बोलेनासे झाले. निरोप मात्र आला की आजींनी यायला हरकत नाही, फक्त मोटर बंद करून पॅडल मारत जावं. हा तोडगा सगळ्यांना फार समंजस वाटला. मलाही. आईनं एक दिवस प्रयत्न केला. बॅटरीसकट ती सायकल म्हणजे धोंडा. अर्ध्या ट्रॅकवर तिचे गुडघे बोलले. ती उतरली आणि सायकल ढकलत परत आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर फडताळातलं ताट तिच्या मांडीवर होतं.

मला वाईट वाटलं. पण आदेश मागं घेण्याइतकं वाटलं नाही. मी सुषमाला म्हणालो की वातावरण निवळलं की साहेबांशी बोलतो. सुषमानं वह्या तपासता तपासता विचारलं, वातावरण कोणाचं?

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी ऑफिसच्या कामानं स्कूटरवर बाहेर पडलो होतो. मैदानाला वळसा घालून जाणारा मोठा रस्ता म्हणजे वरूडकडून येणाऱ्या संत्र्याच्या ट्रकांचा रस्ता. हंगाम होता. ट्रकांमागून ट्रक. आणि दोन ट्रकांच्या मधल्या फटीत मला निळं पातळ दिसलं. पुढं टोपली. टोपलीत डबा.

मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि आई ताठ बसून, डाव्या बाजूनं, आपल्या वेगानं चालली होती. तो रस्ता तिला कायद्यानं खुला होता. जिथं चार म्हातारे चालतात तिथं तिला मनाई, आणि जिथं दहा चाकांचे ट्रक पळतात तिथं ती बिनदिक्कत जाऊ शकत होती. आणि ही व्यवस्था मी केली होती.

मी स्कूटर तिच्यामागं घातली. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून ट्रकवाल्यांना दिसावं यासाठी मी तिच्या आणि ट्रकच्या मध्ये राहून हॉर्न दाबून धरला, एक हात वर केला आणि तसाच चौकापर्यंत गेलो. चौकात वाहतूक पोलीस उभा होता. त्यानं आम्हा दोघांनाही बाजूला घेतलं. सायकलीभोवती एक चक्कर मारली, ही लायसन्स न लागणारी दिसते असं स्वतःशीच म्हणाला आणि आईला जायला सांगितलं. मग त्यानं माझ्याकडं बोट दाखवून आईला विचारलं की आजी, हा माणूस तुम्हाला त्रास देत होता का?

"कवाचा मांगून भोंगा वाजवून राहिला," आई म्हणाली. "मले वाटलं कोनी वेडा हाय."

मग तिनं वळून नीट पाहिलं. चष्मा सारखा केला.

"हा त माहा पोरगा व्हय. साहेब हाय तो," असं म्हणून तिनं सायकल सुरू केली आणि ती गेली. चाची वाट पाहत असेल, असं जाता जाता म्हणाली.

पोलिसानं माझं लायसन्स मागितलं. मी रुबाबात काढून दिलं. ते त्यानं बराच वेळ पाहिलं. मग मलाच वाचायला दिलं. लायसन्स पन्नाशीला संपतं, नंतर नवं करून घ्यावं लागतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त आपण पन्नाशी ओलांडली हे लक्षात आलं नव्हतं. त्यालाही आता पाच वर्षांवर होऊन गेली होती. इतकी वर्षं मी बिनपरवाना हिंडत होतो. आमच्या घरात रस्त्यावर कायदेशीरपणे काही चालवू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते भरताचा डबा घेऊन पुढं निघून गेलं होतं. पोलिसानं स्कूटर ठेवून घेतली.

मी चालत मैदान ओलांडलं आणि चाचीकडं गेलो. दोघी दुकानामागच्या खोलीत गाद्यांच्या थप्पीला टेकून बसल्या होत्या. भाकरी, भरत, मिरचीचा ठेचा. आई मजेत होती. चाची नव्हती. तिला मोतीबिंदूमुळं धड दिसत नव्हतं, म्हणून तिनं आधी माझा हात चाचपून मीच आहे याची खात्री केली.

"बेटा, ये आज ट्रकवाले रोड से आई," ती म्हणाली. "मेरा तो जी उड गया. तुम्हारा बोर्ड मेरेकू पढते नै आता. येकू मैदान से आने देते के नै, उतना बोल. नै तो कल से मैंच आती. मेरेकू दिखता नै, पर पैर है अभी."

तिचा हात माझ्या हातावर होता. चोवीस वर्षं मी अटी लिहिल्या, पण होय की नाही एवढंच विचारणारं माणूस मला कधी भेटलं नव्हतं. मी म्हणालो, उद्यापासून मैदानातूनच येईल.

तिथून तसाच बोंडेसाहेबांकडं गेलो. ते अजून रागात होते. मी त्यांना ट्रकांचं सांगितलं, चाचीचे डोळे सांगितले, आणि ती म्हातारी माझी आई आहे हेही सांगितलं. मग त्यांचा राग वेगळ्याच दिशेनं गेला. स्वतःच्या आईला तुम्ही त्या रस्त्यावर घातलं, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. त्यांनी तिथल्या तिथं देविदासला बोलावून फलक काढायला लावला. आजींनी दुपारी, ट्रॅक रिकामा असताना, खुशाल जावं. घंटी वाजवत जावं. आणि यापुढं या मैदानावर सचिवांनी काही लिहू नये, हाही ठराव त्यांनी तोंडीच केला. लिहून घ्यायला त्यांना माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

राहिलं माझं लायसन्स. मुदत संपून पाच वर्षांवर झाली की पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. मी आरटीओच्या कार्यालयात गेलो. आजूबाजूला अठरा वर्षांची पोरं-पोरी. सगळ्यांना प्रश्नपत्रिका वाटली. पहिलाच प्रश्न वाचून मला धक्का बसला. "पादचारी ओलांडत असताना वाहन थांबवावे काय?" कोण ओलांडत असताना, काय ओलांडत असताना, कोणी थांबवावे, काहीच स्पष्ट नाही. अशा भाषेवर कुणी सही तरी कशी केली? मी पेन काढलं आणि दुरुस्ती केली. मग दुसरा प्रश्न दुरुस्त केला. वेळ संपली तेव्हा माझी प्रश्नपत्रिका अतिशय निर्दोष झाली होती. उत्तरांकडं मात्र वळता आलं नाही.

आई बाहेर सायकल घेऊन उभी होती, कारण मला तिथं सोडलंही तिनंच होतं. मी निकाल सांगितला. तिनं कॅरियरवर हात थोपटला. मी बसलो. चौकात लाल दिव्याला थांबलो तेव्हा शेजारच्या मोटारसायकलवरच्या गृहस्थानं आमच्याकडं पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. म्हाताऱ्या बाईला चालवायला लावून मागं बसायला शरम कशी वाटत नाही, असं तो सगळ्या चौकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला विचारू लागला.

आई वळून त्याला समजावणीच्या सुरात म्हणाली,

"जाऊ द्या भाऊ, बोलू नका त्याले. आजच नापास झाला तो."